तगादा

"माझ्यावर कर्ज नाही म्हणून मला कर्ज देता येत नाही, असं म्हणायलेत बँकेवाले. ह्याचा अर्थ काय ओ ताई?"

खुर्चीच्या अगदी टोकावर बसलेली बाई मला विचारत होती. आवाजात राग नव्हता. तिला खरोखरच कळत नव्हतं. तोंडाला पदर गुंडाळलेला, हातात पिशवी, पिशवीत प्लास्टिकच्या कागदात नीट बांधलेली कागदपत्रं. दुकान परवाना, अन्न परवाना, लाइटबिलं, बँकेचं पासबुक. इतकी व्यवस्थित कागदपत्रं त्या महिन्यात माझ्यासमोर कुणीच आणली नव्हती.

ही दोन हजार वीस सालच्या जूनमधली गोष्ट. लातुरातल्या व्यापारी संघटनेनं आपलं सभागृह आम्हा चार वकिलांना दिलं होतं. मंगळवारी आणि शुक्रवारी, अकरा ते दोन, छोट्या धंदेवाल्यांना फुकट सल्ला. कोर्टं जवळपास बंदच होती. मी स्वतःचं ऑफिस थाटून आठ महिने झाले होते आणि त्यातले तीन महिने घरात बसून गेले होते. कुणाच्या तरी उपयोगी पडावं असं मनापासून वाटत होतं. आपलं नाव व्हावं असंही वाटत होतं. तेव्हा मला या दोन गोष्टी वेगळ्या वाटत नव्हत्या.

"अर्थ सोपा आहे," मी म्हटलं. "सरकारनं जी तातडीच्या कर्जाची योजना काढलीय तीत आधीच्या कर्जाच्या वीस टक्के मिळतात. तुमच्यावर आधीचं कर्जच नाही. शून्याचे वीस टक्के किती?"

"म्हंजे मी आजपर्यंत उधार घेतलं नाही, ही माझी चूक."

"चूक नाही. पण नियम तसा आहे."

"आणि ते दहा हजाराचं?"

"ते हातगाडीवाल्यांसाठी. तुमची तर जागा आहे."

तिनं मान हलवली आणि कागद पुन्हा पिशवीत घालायला लागली. नाव अनुसया लोखंडे. क्लासेसच्या भागात तिची मेस होती. लातुरात बाहेरगावची पोरं डॉक्टर-इंजिनिअर व्हायला येतात, खोल्या घेऊन राहतात आणि मेसवर जेवतात. हिच्याकडे एकशे चाळीस पोरं दोन वेळा जेवत. नवरा जाऊन नऊ वर्षं झाली होती, एक मुलगी होती ती लग्न होऊन निलंग्याला. मार्चमध्ये दोन दिवसांत आईबाप गाड्या घेऊन आले आणि आपापली पोरं घेऊन गेले. अडकून पडली ती नांदेड आणि गडचिरोलीकडची अकरा पोरं. त्यांना तिनं दीड महिना जेवू घातलं.

"पैसे?"

"पोरांकडं कुठले पैसे? ज्वारी होती घरात. संपल्यावर अप्पांनी दोन कट्टे ज्वारी दिली."

अप्पा म्हणजे तिचे घरमालक. काशीनाथअप्पा बिराजदार. खाली मोठा हॉल आणि मागं पत्र्याचं स्वयंपाकघर, ते अनुसयाबाईंच्या मेसचं. वर अप्पा आणि त्यांची बायको, सगळे त्यांना अक्का म्हणत. अक्कांचे गुडघे गेलेले, म्हणून दोघांचं ताट रोज दुपारी आणि संध्याकाळी खालून वर जायचं. त्याचे पैसे अनुसयाबाई घेत नसत. बारा वर्षं असं चाललं होतं आणि त्या बारा वर्षांत भाड्याचा लेखी करार कधी झाला नव्हता.

"भाडं किती थकलं?"

"चार महिन्याचं. आठरा हजार दर महिन्याला."

"मालक काय म्हणतात?"

ती जरा घुटमळली. "काहीच म्हणंनात. त्याचीच भीती वाटायली. पुण्याला लेक हाय त्यांचा, त्याचं बोलणं वेगळं असतंय. अप्पांना आपण होऊन कसं विचारावं कळंना. म्हणून म्हणलं, ताईंकडून एक अर्ज लिहून घ्यावा. की बाबा पोरं परत येईपर्यंत थांबा."

त्या बाईला काय हवं होतं ते तिनं इतक्या स्वच्छ शब्दांत सांगितलं होतं. एक अर्ज. विनंतीचा.

मी म्हटलं, "अर्जानं काही होत नाही. उद्या लेकानं येऊन कुलूप लावलं तर तुमच्याकडे काय आहे? करार नाही, पावत्या नाहीत. आपण नोटीस देऊ. लॉकडाऊनच्या काळातलं भाडं माफ करा आणि जागा खाली करायला सांगू नका, असं लेखी मागू."

"नोटीस नको ओ. अप्पा चांगले हैत."

"चांगले आहेत तर रागावणार नाहीत. ही तुमच्या संरक्षणासाठी आहे."

"मी वर जाऊन बोलले तर?"

"बोललेल्याला पुरावा नसतो."

तिनं माझ्याकडं पाहिलं. मी काळा कोट घालून बसले होते, माझ्यामागं भिंतीवर संघटनेचा फलक होता, आणि आदल्याच दिवशी स्थानिक पेपरात माझा फोटो छापून आला होता. 'सदतीस व्यावसायिकांना मोफत कायदेशीर मदत.' ती म्हणाली, "तुम्ही म्हणता तर द्या."

त्या सदतीस जणांसाठी मी नोटिशीचा एक मसुदा केला होता. नाव, पत्ता आणि भाड्याचा आकडा बदलायचा की नोटीस तयार. मसुदा मी मोठ्या मेहनतीनं घडवला होता आणि तो बहुतेकांना चपखल बसत होता, कारण बहुतेकांचे मालक खरोखरच रोज दारात येत होते. एकाच्या सलूनचं पाणी तोडलं होतं, एकाचं शिलाईचं सामान रस्त्यावर काढलं होतं. म्हणून मसुद्यात एक वाक्य होतं. 'आपण भाड्यासाठी माझ्या अशिलाकडे सतत तगादा लावून, अपमानास्पद भाषा वापरून त्यांचा मानसिक छळ करीत आहात.'

मंगळवारी दुपारी अनुसयाबाईंची नोटीस छापून माझ्या हातात आली तेव्हा ते वाक्य मला दिसलं. ते इथं लागू नाही, हेही कळलं. संगणक चालवणारा जेवायला गेला होता. पोस्ट तीनला बंद होणार होतं. आणि आणखी दोन नोटिसा झाल्या की शुक्रवारपर्यंत चाळीसचा आकडा होत होता, तो मी पेपरवाल्याला आधीच सांगून बसले होते. वाटलं, कायद्याची भाषा आहे, सगळ्यांत असते, कोण एवढं वाचतंय.

अनुसयाबाईंना मी नोटीस वाचून दाखवली. ते वाक्य सोडून.

"एवढंच ना ताई?" त्यांनी विचारलं.

"एवढंच."

रजिस्टर पोस्टानं नोटीस गेली.

शुक्रवारी, तीन जुलैला, साडेअकराच्या सुमाराला एक म्हातारे गृहस्थ सभागृहाच्या दारात येऊन उभे राहिले. पांढरं धोतर, पांढरा सदरा, कपाळावर भस्माचे पट्टे, आणि नाकातोंडावर स्वच्छ धुतलेला पंचा बांधलेला. चप्पल त्यांनी दाराबाहेर काढली. कुणी काढत नसे.

"देशमाने वकील आपणच का?"

"हो. बसा ना. नाव सांगा, धंदा कसला?"

"धंदा काही नाही. पेन्शन हाय. पोस्टात होतो." ते बसले नाहीत. "काशीनाथ बिराजदार."

मी सावध झाले. विरुद्ध पक्षाचा माणूस वकिलाकडे थेट आला की काय करायचं ते आम्हाला शिकवलेलं असतं. मी पेन खाली ठेवलं आणि आवाज कोरडा केला.

"अप्पा, तुम्हाला जे सांगायचं असेल ते तुमच्या वकिलामार्फत लेखी कळवा."

"मला वकील नाही." त्यांनी खिशातून माझी नोटीस काढली. घडी अगदी सरळ होती. "पस्तीस वर्षं लोकांच्या हातात रजिस्टर दिली मी. औसा, किल्लारी, मुरुड. नोटीस घेताना माणसाचं तोंड कसं होतं ते मला ठाऊक हाय. माझ्या नावाची ही पहिलीच. सकाळी आली."

मी घड्याळाकडं पाहिलं.

"भाडं देणार नाही म्हणली, त्याचं मला काही नाही. ते मी तिला मागितलेलंच नाही. पण हे बघा." त्यांनी कागद माझ्यासमोर धरला. बोट बरोबर त्या ओळीखाली टेकलं. "तगादा लावला म्हणतेत. अपमान केला म्हणतेत. मी तिला कधी एकेरी बोललो नाही ओ. एवढंच विचारायला आलो. हे तिनं सांगितलं का?"

त्या वेळी सभागृहात बाराएक माणसं होती. माझ्या शेजारच्या टेबलावर दुसरे वकील होते. पेपरवाला साडेबाराला येणार होता. खरं उत्तर तीन शब्दांचं होतं. नाही अप्पा, मी. एवढं म्हटलं असतं तर काय झालं असतं? माझी नोटीस कच्ची ठरली असती. मसुदे छापून वाटते म्हणून शेजारचे वकील मनात हसले असते.

मी म्हटलं, "नोटीस अशिलाच्या सांगण्यावरूनच दिली जाते."

हे वाक्य खोटं नाही. कोणत्याही वकिलाला विचारा, तो हेच सांगेल. पण त्यांनी जे विचारलं होतं त्याला ते उत्तर म्हणून दिलं, आणि मला पक्कं माहीत होतं की ते काय समजतील.

"म्हणजे तिनंच."

मी त्यांच्याकडे न बघता फाइल पुढं ओढली. "मी यापेक्षा जास्त बोलू शकत नाही."

त्यांनी कागद मागं घेतला. मग नोटिशीची घडी घालून खिशात ठेवली. "दुसरंही एक काम होतं तुमच्याकडं. पेपरात वाचलं होतं तुमचं, म्हणून म्हणलं शुक्रवारी जावं. पण राहू द्या आता." दारात जाऊन त्यांनी चपला घातल्या. वाकायला वेळ लागला. मी पुढच्या माणसाचं नाव पुकारलं.

संध्याकाळी अनुसयाबाईंचा फोन आला.

"ताई, अप्पांनी ताट परत पाठवलं. झाकणसुद्धा काढलं नाही. दुपारी म्हणलं तब्येत बरी नसंल. आत्ता परत तसंच. अक्कांनी वरूनच सांगितलं, उद्यापासून पाठवू नको म्हणून. नोटिशीत काय होतं ओ?"

"नेहमीचंच होतं."

"मग?"

"नोटीस आली की माणूस चिडतोच. होतील शांत."

"मी वर जाऊन पाया पडते त्यांच्या."

इथं मला दुसरी संधी होती. मी घाबरले. ती वर गेली असती, अप्पांनी ती ओळ दाखवली असती आणि तिसऱ्या मिनिटाला सगळं माझ्यावर आलं असतं. मी म्हटलं, "अजिबात जाऊ नका. आता बोललात तर केस कच्ची होईल. ते काय म्हणतात ते लेखी येऊ द्या."

"बरं," ती म्हणाली. "तुम्ही म्हणता तसं."

त्यांचं लेखी उत्तर कधी आलं नाही. जुलैच्या मध्यावर शहर पुन्हा बंद झालं. अनुसयाबाई अधूनमधून फोन करायच्या. अप्पा जिन्यावर भेटले तर तोंड फिरवतात. अक्कांनी कुणा बाईला पोळ्यांना लावलंय. अंगणातला नळ पूर्वी अप्पा पहाटे सोडायचे, आता सोडत नाहीत. मी प्रत्येक वेळी म्हणे, "थोडे दिवस जाऊ द्या." मला खरंच वाटत होतं की दिवस जातील, पोरं परत येतील, मेस सुरू होईल, आणि एखाद्या सणाला कुणीतरी खाली किंवा वर जाईल आणि सगळं मिटेल.

सप्टेंबरमध्ये अप्पांना ताप आला. चौथ्या दिवशी त्यांना सरकारी दवाखान्यात नेलं. अनुसयाबाईंनी रोज पेज करून डबा दवाखान्याच्या फाटकापर्यंत नेला. आत कुणी घेत नव्हतं. तो नियमच होता, पण त्यांना वाटलं अप्पाच नको म्हणतात. अकराव्या दिवशी अप्पा गेले. त्यांना घरी आणलं नाही. त्या काळात आणतच नव्हते.

पुढचं लवकर झालं. पुण्याहून मुलगा आला, त्यानं वकील लावला. त्या वकिलाच्या पत्राला जोडलेला एकच कागद होता. माझी नोटीस. भाडं थकलंय, करार नाही, मालकाशी संबंध बिघडलेत, हे सगळं त्यांना शोधावं लागलंच नाही. मी माझ्या सहीनिशी लिहून दिलं होतं.

मी लढायचं म्हटलं. खरंच म्हटलं. कायद्यानं लगेच काढता येत नव्हतं, दोन-तीन वर्षं सहज गेली असती. अनुसयाबाईंनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "अप्पा होते तर ती जागा होती ताई. आता कुणाशी भांडायचं? माझं तोंड न बघता गेले ते. त्या घरात माझ्यानं राहवंना." नोव्हेंबरात त्यांनी भांडी विकली. मोठी पातेली, परातींचा ढीग, एकशे साठ ताटं. किल्ली माझ्याकडे आणून दिली. "तुम्हीच द्या. मला तिकडं जायचं नाही."

किल्ली द्यायला मी त्या वकिलाच्या ऑफिसात गेले. अप्पांचा मुलगा तिथं होता. बोलायला सभ्य, घाईत असलेला माणूस. पुढ्यात वडिलांची फाइल उघडी होती. किल्ली घेऊन त्यानं पावती केली आणि फाइलमधला एक स्टँपपेपर माझ्यासमोर सरकवला.

"हे बघितलंत का? अप्पांचे उद्योग."

टंकलेखकाकडून व्यवस्थित टाइप केलेला करार होता. सौ. नाही, श्रीमती अनुसया लोखंडे यांना खालची जागा पुढील पाच वर्षांसाठी. क्लासेस सुरू होऊन मेस पूर्ववत चालू होईपर्यंतचं भाडं माफ. तोवर झालेली थकबाकी, थकबाकी समजू नये. आणि खाली एक कलम, कायद्याच्या भाषेत न बसणारं, अप्पांनी स्वतः सांगून घातलेलं असणार: 'माझ्या पश्चात माझ्या मुलानेही हे पाळावे.' सही नव्हती. स्टँपपेपर दोन जुलैला घेतलेला होता. ते माझ्याकडे आले त्याच्या आदल्या दिवशी. माझी नोटीस त्यांच्या हातात पडायच्या आदल्या दिवशी.

"कुठल्यातरी वकिलाला दाखवून मग सही करणार होते म्हणे," मुलगा म्हणाला. "अक्का सांगत होती. बरं झालं तुमची नोटीस आली मॅडम. नाहीतर सही करून मोकळे झाले असते."

दुसरं काम. फुकट सल्ला द्यायला बसलेल्या वकिलाला विचारून आपला कागद पक्का करून घ्यावा, म्हणून ते आले होते.

मी बाहेर आले. अनुसयाबाईंना फोन लावला. त्या "हॅलो, ताई" म्हणाल्या, आणि मी म्हटलं, "किल्ली दिली. पावती माझ्याकडे आहे." आणि फोन ठेवला.

चार वर्षं गेली. माझी वकिली चांगली चालली. सभागृहातल्या त्या कामाबद्दल एका संस्थेनं माझा सत्कार केला, शाल आणि श्रीफळ दिलं. मी ते घेतलं. अप्पांच्या घरावरून कोर्टाचा रस्ता जवळचा पडतो, पण मी लांबून जायची. खाली आता मोबाइलचं दुकान झालंय असं ऐकलं होतं.

गेल्या वर्षी जूनमध्ये मुलींच्या एका हॉस्टेलच्या मालकिणीनं परवान्याच्या कामासाठी मला बोलावलं. नवीन इमारत, तीनशे मुली. मालकीण म्हणाली, चला, स्वयंपाकघर दाखवते, तुम्हाला कागदात लिहावं लागेल. आत दहा-बारा बायका कणकेच्या गोळ्यांशी बसल्या होत्या. त्यातली एक उठली, हात पदराला पुसत माझ्याकडे आली.

"वकीलताई! वळखलं नाही का?"

केस बरेच पांढरे झाले होते. अंगावर हॉस्टेलच्या नावाचा ॲप्रन होता. तिनं माझे दोन्ही हात धरले आणि मालकिणीला सांगायला लागली, "मॅडम, ह्यांनी माझ्यासाठी लई केलं ओ. एक पैसा घेतला नाही. त्या टायमाला आपलं माणूस दारात उभं राहत नव्हतं, तर ह्या माझ्यासाठी उभ्या राहिल्या."

मालकीण कौतुकानं माझ्याकडे बघत होती. मला तिथं उभं राहवेना.

"अनुसयाबाई, जरा बाहेर येता?"

मागच्या अंगणात गॅसच्या टाक्या ठेवलेल्या होत्या. तिथं उभी राहून मी सांगितलं. सगळं. न वाचलेली ओळ, अप्पांचा प्रश्न, माझं उत्तर, फोनवर मी तिला वर जाऊ दिलं नाही ते, आणि स्टँपपेपर. बोलताना मी त्या टाक्यांकडे बघत होते.

ती जवळच्या टाकीला टेकली.

"म्हंजे मी तसं बोलले, असं समजून गेले ते."

"हो."

"मी म्हणत होते, माझं काय चुकलं. रोज म्हणायचे. भाकरी थापताना, झोपताना. काय चुकलं असंल, काय चुकलं असंल." तिचा आवाज चढला नाही. "आणि तुम्हाला ठाऊक होतं."

"हो."

"चार वर्षं कुठं होतात ताई?"

मी म्हटलं, "मला माफ—"

"ते राहू द्या." तिनं ॲप्रनची गाठ सोडली. "मला सांगून काय होतंय? मी तर मला ओळखतेच. अक्का हैत अजून. त्यांना वाटायलंय मी त्यांच्या नवऱ्यावर तसला आळ घेतला. चला."

"आत्ता?"

"मग कधी? चार वर्षांनी?"

तिनं आत जाऊन मालकिणीला तासाभराची सुट्टी मागितली. माझ्या स्कूटीवर मागं बसली. गल्लीच्या तोंडाशी आल्यावर तिनं माझा खांदा घट्ट धरला. चार वर्षांत तीही तिथं आली नव्हती.

अक्का वरच्या व्हरांड्यात खुर्चीवर बसल्या होत्या. अंगानं अर्ध्या झालेल्या, पण नजर लख्ख. जिन्यात पावलं ऐकून त्यांनी मान वळवली आणि अनुसयाबाईंना बघितल्यावर त्यांचं तोंड आक्रसलं. अनुसयाबाई उंबऱ्याच्या आत गेल्या नाहीत. मला पुढं केलं.

"सांगा," त्या म्हणाल्या.

मी पुन्हा सगळं सांगितलं. दुसऱ्यांदा सांगणं सोपं जाईल असं वाटलं होतं, तसं झालं नाही. माझं संपल्यावर अक्कांनी पदरानं चष्मा पुसला, पुन्हा घातला, आणि मला नीट बघितलं.

"त्या दिवशी ते घरी आले अन् तिथं त्या पायरीवर बसले. पाणीसुद्धा पिईनात. मी म्हणले, अनुसया तसं बोलायची नाही, मी तिला बारा वर्षं बघायले. जाऊन विचारा तिला. तर म्हणले, नाही, मी वकीलबाईंना तोंडावर विचारून आलो. शिकलेलं माणूस हाय, मला कशाला फसवील?"

मी मान खाली घातली. अक्कांनी अनुसयाबाईंकडे हात केला.

"तू का गं तिथं उभी? ये आत."

अनुसयाबाई आत गेल्या आणि अक्कांच्या पायाशी बसल्या. अक्कांनी त्यांच्या डोक्यावर हात ठेवला. मग दोघीही रडायला लागल्या. मी जिन्याच्या वरच्या पायरीवर उभी होते. मला कुणी बस म्हणालं नाही आणि जा असंही कुणी म्हणालं नाही. खाली मोबाइलच्या दुकानात कुणीतरी गिऱ्हाइकाला हप्त्यांचे कागद समजावून सांगत होतं. इथं सही करा, इथं, आणि इथं. ते वाचायची गरज नाही, नेहमीचंच असतं.